देशपर्यटनाचा संकल्प : ईडा फायफर यांचे चरित्र व त्यापासून बोध

भूगोलाचा नकाशा पुढे उघडला की आपले बोट आपोआप समुद्रावरून फिरू लागते, आणि हे सर्व देश एकदा तरी पाहावे असे मनात येते. परंतु इच्छा व संकल्प यांत मोठे अंतर आहे. इच्छा क्षणात उत्पन्न होते. संकल्प वर्षानुवर्षे जतन करावा लागतो. ज्या स्त्रीने तो पुष्कळ वर्षे जतन करून मग सिद्धीस नेला, तिचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

ईडा फायफर यांचा जन्म ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १७९७ साली झाला. वडिलांनी त्यांस भावांबरोबर मुलाप्रमाणेच वाढविले. त्यामुळे शरीर काटक व मन धीट झाले. १८२० साली त्यांचा विवाह वयाने चोवीस वर्षांनी वडील असलेल्या एका वकिलाशी झाला. त्याने सरकारी अंमलदारांची लाचलुचपत उघडकीस आणिली, त्याचा परिणाम असा झाला की त्याचाच व्यवसाय बुडाला व घरात दारिद्र्य आले. तेव्हा बाईंनी चित्रकलेच्या व संगीताच्या शिकवण्या करून आपल्या दोन मुलांस वाढविले. प्रवासाची आवड लहानपणापासूनची. परंतु मुले आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत त्यांनी आपला हेतु मनातच ठेविला. अखेर १८४२ साली, वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटल्यावर, त्या एकट्याच निघाल्या आणि कॉन्स्टँटिनोपलवरून यरुशलेम व मिसर देश पाहून परत आल्या.

या प्रवासाचे वृत्त छापून जे द्रव्य मिळाले, त्यावर त्यांनी १८४५ साली आइसलंडची यात्रा केली. निघण्यापूर्वी इंग्रजी व डॅनिश भाषांचा अभ्यास केला, आणि त्या काळी नवीनच असलेली छायाचित्रणाची विद्याही शिकून घेतली. प्रवासात वनस्पति, कीटक इत्यादि नमुने गोळा करून त्या ते संग्रहालयांस विकीत. याप्रमाणे एका प्रवासाने दुसऱ्याचा खर्च भागविला.

१८४६ साली त्या पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. ब्राझिलात एका मनुष्याने त्यांच्यावर सुऱ्याने हल्ला केला. बाईंनी छत्री व खिशातील चाकू यांच्या साहाय्याने त्याशी झुंज दिली आणि हातावरील जखमा बांधून पुढचा मार्ग धरिला. तेथून चिली, ताहिती, चीन व सिंहलद्वीप पाहून त्या हिंदुस्थानात आल्या. कलकत्ता, काशी व दिल्ली पाहिल्यावर त्या दक्षिणेकडे वळल्या आणि १८४८ साली अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहून मुंबईस पोहोचल्या. आपल्या देशात आगगाडी सुरू होण्यास तेव्हा आणखी पाच वर्षे अवकाश होता. प्रवास बहुधा बैलगाडीचा. पाण्याची कातडी पिशवी, लहानसे पातेले, थोडे मीठ, पाव व तांदूळ एवढ्या सामानावर ही युरोपियन स्त्री दिवसचे दिवस काढीत असे. मुंबईहून समुद्रमार्गाने बसरा व तेथून बगदाद गाठून काफिल्याबरोबर त्या मोसूल शहरी गेल्या. पुढे डोंगराळ मुलखातून इराणात उरुमिया येथे त्या एकट्या येऊन पोहोचल्या, तेव्हा तेथील अमेरिकन मिशनऱ्यांस मोठे आश्चर्य वाटले.

दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा १८५१ पासून १८५५ पर्यंत चालली. बोर्निओत त्या डायाक लोकांत राहिल्या. सुमात्रात नरमांसभक्षक म्हणून ख्याति असलेल्या बटक लोकांनी वाट अडविली, तेव्हा 'मी म्हातारी, माझे मांस चिवट लागेल,' अशा अर्थाचे विनोदाचे बोल त्यांच्याच भाषेत, मोडके तोडके का होईना, बोलून त्यांनी आपला जीव वाचविला. बर्लिन व पॅरिस येथील भूगोलसंस्थांनी त्यांस सन्मान्य सभासद केले; लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे दार मात्र स्त्री म्हणून त्यांस बंद राहिले. ते दार स्त्रियांस पूर्णपणे उघडे होण्यास १९१३ साल उजाडावे लागले.

शेवटचा प्रवास मादागास्कर बेटाचा. तेथे राणी रानावालोना हिच्याविरुद्ध काही युरोपियनांनी रचलेला कट १८५७ साली फुटला, व त्यांच्या सोबतीस असलेल्या बाईंसही हद्दपारी भोगावी लागली. किनाऱ्यापर्यंतच्या रोगट वाटेवर त्यांना जो ज्वर जडला, तो पुरता गेला नाही. १८५८ साली व्हिएन्ना येथे त्यांचा अंत झाला.

या चरित्रातील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे आम्ही म्हणत नाही. परक्या लोकांचे रूप, अन्न व चालीरीति यांविषयी बाईंनी पुष्कळदा घाईने व कठोरपणे लिहिले आहे. सहस्रावधि मैल चालूनही आपल्या घरचे माप बरोबर नेले, तर दुसऱ्याचे मोठेपण त्यात मावत नाही. यास्तव किती देश पाहिले ही मोजदाद करण्यापूर्वी, पाहिलेल्या देशातील मनुष्यांस आपण शेजारी म्हणून ओळखले काय, हा प्रश्न ख्रिस्ती प्रवाशाने स्वतःस विचारला पाहिजे.

परंतु त्यांचा संयम, काटकसर व पूर्वतयारी ही गरिबांच्या मुलामुलींसही साध्य आहेत. विशेषतः आमच्या विद्यार्थिनींनी हे ध्यानात ठेवावे की बाईंपाशी द्रव्य नव्हते, तारुण्य नव्हते व कोणाचे उत्तेजनही नव्हते. आज तुम्हांस परदेशी जाता येणार नाही. पण एखादी परकी भाषा आजच शिकू लागता येईल, पाहिलेले त्याच दिवशी वहीत टिपून ठेवण्याची सवय लाविता येईल, आणि व्हिएन्नाहून निघालेल्या बाईंनी बैलगाडीने येऊन पाहिलेली अजिंठ्याची लेणी येत्या सुटीत जाऊन पाहता येतील.