शाळा निवडली, पण मूल पोहोचणार कसं?

शाळा निवडताना आपण माध्यम, फी, निकाल सगळं पाहतो. मूल रोज तिथे जाणार कसं, हा प्रश्न मात्र प्रवेश झाल्यावर आठवतो.

अमेरिकेत 1991 साली मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा कायदा केला. पैसा सरकारी, पण कारभारात मोकळीक, अशा या शाळा. त्यांच्या मुलांची ने-आण कोणी करायची, याचे नियम तिथे राज्यागणिक वेगळे आहेत. जिथे बस नाही, तिथे ज्याच्या दारात गाडी त्यालाच निवड.

आपल्याकडे तंतोतंत तशा शाळा नाहीत. पण 2012 च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना अनुदान नसते आणि कारभारात बरीच मोकळीक असते. जुळे सोलापूरसारख्या वाढत्या उपनगरात विजापूर रोड, होटगी रोडकडे सकाळी पाहा. बस, व्हॅन, रिक्षा, दुचाकी, सगळ्यांची एकच घाई.

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत हवी. 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश मोफत मिळतो, पण व्हॅनचे पैसे बहुतेक घरांना स्वतःच भरावे लागतात. मग मिळालेली जागाही हातची जाऊ शकते.

‘गाडी खाजगी आहे, शाळेचा संबंध नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक. मुलांची सुरक्षितता, बसभाडं, थांबे हे विषय तिथेच ठरवायचे असतात. म्हणजे शाळेला मोकळीक आहे, तशी जबाबदारीही आहे.

मग काय करता येईल?

• पालकांनी समितीत आपला प्रतिनिधी कोण, हे शाळेला विचारावं.
• गाडीत परिचर, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आहे ना, हे स्वतः चढून पाहावं.
• शिक्षकांनी पाचवीच्या वर्गात मुलांकडून घर ते शाळा नकाशा काढून घ्यावा. अंतर, वेळ, धोक्याचा चौक, सगळं मुलंच लिहितील. भूगोल आणि गणित दोन्ही होतं.

तेच नकाशे समितीच्या बैठकीत ठेवा. थांबा कुठे हवा, हे रोज तिथे उभं राहणाऱ्या मुलाइतकं नेमकं कोण सांगणार?