पीककापणीचा चौकोन आणि पाहणीची विश्वासार्हता

यंदा पीक किती आले, हा प्रश्न वरकरणी साधा आहे. एका शेताचे उत्तर खळ्यावर मिळते. परंतु संपूर्ण जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न ठरवावयाचे झाल्यास प्रत्येक खळ्यावर तराजू नेणे शक्य नसते. पूर्वी हे काम नजरअंदाजाने होत असे. सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण चांगले पीक, असे धरून गावकामगार यंदाचे पीक दहा आणे की बारा आणे, हे ठरवीत. पिकाची आणेवारी ती हीच. अंदाज करणारा अप्रामाणिक असे, असे मुळीच नव्हे. दहाच आणे का, बारा का नाहीत, हे दुसऱ्या कोणास तपासून पाहण्याची सोय नव्हती, हा खरा दोष होता.

या अडचणीवर यदृच्छ नमुना पाहणीचा उपाय भारतात ज्यांनी रुजविला, त्यांत दोन नावे अग्रगण्य आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 पासून बंगालमधील तागाच्या पाहण्या हाती घेतल्या. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी कृषि संशोधन परिषदेत गहू, भात आदी पिकांच्या पाहण्या उभारल्या. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले डॉ. पानसे हे त्यांचे सहकारी होते. उभयतांचा सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ 1954 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कृषि महाविद्यालयांतून पुढे अनेक वर्षे अभ्यासला गेला.

या दोन पक्षांत एक वाद झाला व तो आजही उद्बोधक आहे. शेतातील किती मोठा तुकडा कापावा? लहान तुकड्याला श्रम कमी लागतात, म्हणून तसे तुकडे पुष्कळ घेता येतील, असे महालनोबिस यांचे म्हणणे होते. सुखात्मे यांनी एकाच भागात लहान व मोठे तुकडे कापवून तुलना केली, तेव्हा अगदी लहान तुकड्यांतून येणारे उत्पन्न सातत्याने वाजवीपेक्षा अधिक निघते, असे आढळले. कारण गूढ नाही. दोरीखाली येणारे ताट आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात स्वभावतःच ते आत ओढतो. पाच मीटर बाजूच्या चौकोनात दर चौरस मीटरमागे 80 सेंटिमीटर सीमा येते. एक मीटर बाजूच्या चौकोनात तीच 4 मीटर येते. म्हणजे शंकेची जागा पाचपट झाली.

येथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. नशिबाने एखादे शेत फार चांगले वा फार वाईट निघाले, तर ती नमुन्याची चूक होय. नमुने चौपट केले की ती साधारण निम्मी होते. परंतु प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकणारी चूक, म्हणजे अभिनती, नमुने कितीही वाढविले तरी तसूभरही कमी होत नाही. हजार शेतांत हात आतच ओढला जात असेल, तर हजारांची सरासरीही फुगलेलीच राहणार. मोठ्या आकड्यांनी दिपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणूनच प्रयोगाचे नियम काटेकोर असतात. भूमापन क्रमांक व शेतातील जागा यदृच्छ अंकांवरून निघते. ती जागा विरळ वा रोगट असली तरी बदलावयाची नसते. पाच मीटरच्या चौकोनाचा कर्ण 7.07 मीटर भरला पाहिजे, अन्यथा कोन काटकोन नाहीत. कापलेले धान्य ओले असल्यास थोडा भाग वाळवून वजनातील घट काढावी लागते.

हे सारे अतिरेकी वाटत असेल, तर हिशेब पाहावा. 25 चौरस मीटरवरचे वजन हेक्टरवर नेताना 400 ने गुणावे लागते. पाव किलोची चूक 100 किलो होते. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई परिसराच्या सरासरी उत्पन्नातील तुटीवर ठरते. उदाहरणार्थ, उंबरठा उत्पन्न हेक्टरी 1600 किलो, प्रत्यक्ष 1200 किलो आणि विमासंरक्षण 40,000 रुपये धरले, तर तूट 25 टक्के, भरपाई 10,000 रुपये. परिसरातील चौकोनांत सरासरी 400 ग्रॅम धान्य सीमेवरून आत आले, तर उत्पन्न 1360 किलो दिसेल आणि भरपाई 6,000 रुपयांवर येईल. हेक्टरी चार हजार रुपये दोरीखाली गेले!

उत्पन्न का घटले, हे मात्र तराजू सांगत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावे लागते, आणि तेथेही अभिनती असतेच. केवळ तिचे रूप वेगळे. “खत वेळेवर मिळाले नाही ना?” असे विचारले की उत्तर “नाही” असेच येते. “पेरणीपासून काय काय झाले?” असे विचारल्यास माहिती मिळते. चावडीवर जमलेल्यांची मते म्हणजे गावाची मते नव्हेत. कुळे, मजूर आणि खुरपणी करणाऱ्या स्त्रिया तेथे बहुधा नसतात. एका बाबीची खातरजमा निदान दोन स्वतंत्र मार्गांनी व्हावी, जसे की, मुलाखत आणि पाणीवाटपाची नोंदवही. आपल्या तर्काविरुद्ध जाणारे शेत सापडले, तर ते गाळू नये. तेथे अधिक वेळ द्यावा.

1951 मध्ये बडोदे येथील विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करणारे प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरकडील एका खेड्यात राहून अभ्यास केला होता. त्यांची संस्कारित टिपणे 1970 मध्ये अमेरिकेत आगीत जळाली. पुढे 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी मुख्यतः स्मरणावरून लिहिला व तसे ग्रंथातच स्पष्ट सांगितले. गावच्या मुखियाच्या आश्रयाने राहिल्यामुळे दलित वस्तीशी आपला संबंध तोकडा राहिला, हेही त्यांनी लपविले नाही. त्यामुळे त्या ग्रंथातील कोणते विधान किती वजनाचे, हे वाचकास स्वतः ठरविता येते. पीककापणीच्या नमुनापत्रातही जागा, अंतर, कर्ण, ओले व वाळलेले वजन आणि हजर व्यक्तींच्या सह्या यांसाठी रकाने असतात, ते याच हेतूने. ते घरी बसून नव्हे, तर शेताच्या बांधावरच भरावयाचे असतात.