चर्चची दोन एकर जमीन आणि आपल्या ताटातली भाकरी



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्राम समितीची बैठक झाली. विषय एकच होता. चर्चच्या मालकीच्या दोन एकर जमिनीचे काय करायचे? सभागृहाचे पत्रे गळतात, दुरुस्तीला पैसे नाहीत आणि एका शेतकऱ्याने ती जमीन उसासाठी तीन वर्षांच्या ठोक्याने मागितली आहे. रक्कम चांगली आहे. खरे सांगायचे तर आम्ही मनातून होकार दिलाच होता. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "फादर, बहात्तर साली घरात ज्वारीचा दाणा नव्हता म्हणून आम्ही मिलो खाल्ली. तुम्ही तेव्हा जन्मला होता का?"

आम्ही जन्मलो नव्हतो. बैठक निर्णय न होता उठली. पण आजींचा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. त्या प्रश्नाचा थोडा अभ्यास करून हा पाठ आपल्यापुढे ठेवत आहोत. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक घरात तो वाचला जावा, अशी विनंती आहे.

अन्नसुरक्षा म्हणजे काय?

हा शब्द आपण रेशनच्या दुकानात ऐकतो. १९४५ साली स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना त्याचा अर्थ चार अंगांनी सांगते. आपण बाजेचे चार पाय डोळ्यांपुढे आणू. पहिला पाय, अन्न पिकले पाहिजे. दुसरा, ते घरापर्यंत आले पाहिजे, म्हणजे विकत घेण्याची ऐपत किंवा मिळण्याचा हक्क हवा. तिसरा, ते अंगी लागले पाहिजे. चौथा, हे सगळे दरवर्षी टिकले पाहिजे. एक पाय मोडला तरी बाज कलते.

पहिला पाय : पिकणे

या बाबतीत आपल्या जालना जिल्ह्याचे नाव जगात आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली. सुधारित आणि संकरित बी लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामासाठी त्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. 'जुने तेच चांगले' असे म्हणणे सोपे आहे. पण वाढत्या तोंडांना पुरेल इतके धान्य देशात पिकू लागले त्यात नव्या बियाण्यांचा, खतांचा आणि कालव्यांचा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागात आला आणि कोरडवाहू रानांचे रूप बदलले. त्या पाण्याने अनेक घरे उभी राहिली.

मात्र बदल एकाच दिशेने झाला नाही. पूर्वी घरातली बाई बियाणे वेगळे काढून, निंबाचा पाला घालून कणगीत जपून ठेवायची. संकरित बी दरवर्षी दुकानातून आणावे लागते. उत्पन्न वाढले, पण पेरणीच्या आधीच खिशातून पैसा जाऊ लागला. पाऊस फसला की तो पैसा कर्ज होऊन उरतो.

दुसरा पाय : घरापर्यंत येणे

आता आजींच्या बहात्तर सालाकडे येऊ. पाऊस लागोपाठ फसत गेला आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. अमेरिकेतून आलेली लाल मिलो लोकांनी खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. तरीही राज्यात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. का? अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा विचार केला आहे. सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले होते की दुष्काळात माणसे मरतात ती बाजारात धान्य नसते म्हणूनच असे नाही. बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ताकद हातात उरत नाही, म्हणूनही मरतात. महाराष्ट्रात ती ताकद दुष्काळी कामांनी दिली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती, रस्ते आणि पाझर तलाव बांधत होती. मजुरी हातात आली म्हणून धान्य घरात आले. यातूनच पुढे १९७७ चा राज्याचा रोजगार हमी कायदा झाला.

आज दुसरा आधार २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या धर्मग्रामात ज्यांचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नाही, अशी काही घरे आहेत. लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि लहान मुलांची नावे विशेषकरून राहून जातात. हे काम भाषणाने होत नाही, तहसीलला चार खेपा घालाव्या लागतात. समितीतल्या शिकलेल्या तरुणांनी ते अंगावर घ्यावे.

तिसरा पाय : अंगी लागणे

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. हे आकडे धान्याचे दुकान असलेल्या, साखर पिकवणाऱ्या राज्याचे आहेत. आम्ही घरे आशीर्वादित करायला जातो तेव्हा जेवणाचा आग्रह होतो. पुरुष जेवतात, मुले जेवतात आणि शेवटी उरेल त्यात घरातली बाई भागवते. आम्हीही त्या पंगतीत बसून उठलो आहोत आणि काही बोललो नाही. ही चूक कबूल करून सांगतो : यापुढे आम्हाला जेवायला बोलवाल तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे.

चौथा पाय : टिकणे

२०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अनेकांनी टँकरने पाणी घातले, तरी झाडे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे झाले. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभी पिके पाण्यात गेली आणि कित्येक ठिकाणी मातीच खरवडून गेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते, माती मात्र परत यायला पिढ्या लागतात.

माती आणि पाणी धरून ठेवण्याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणारी मराठवाडा शेती सहाय्य मंडळ ही संस्था आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. गावकऱ्यांनी श्रमदान केले. नियम साधा होता, काम माथ्याकडून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर पाणी अडवायचे, मग शेतात बांधबंदिस्ती, मग ओढ्यात बंधारा. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे आणि चालणाऱ्याला थांबायला. कोरडवाहू कडवंची पुढे द्राक्षांचे गाव म्हणून ओळखली जाऊ लागली.

या कार्यक्रमाचे एक जनक हेर्मान बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू होते. १९४८ साली ते भारतात आले आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात शेतकऱ्यांमध्ये राहिले. विहिरी खोदून दिल्या तरी डोंगर उघडा असेल तर विहीर कोरडीच राहते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी 'वॉटर' या संस्थेची स्थापना केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. आम्ही धर्मगुरू सभागृहाच्या पत्र्यांचा हिशेब करत असतो. या धर्मगुरूने डोंगराचा हिशेब केला, हे वाचून आम्हाला थोडे खजील वाटले.

तरी एक सावधगिरी हवी. शेततळे पावसाच्या पाण्याने भरले तर ते पुण्य आहे. पण विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवले, तर सर्वांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या कुंपणात जाते आणि त्यातले बरेचसे उन्हाने उडते. राज्यात अनेक ठिकाणी असे घडले आहे. पाणी अडवणे आणि पाणी बळकावणे यांत फरक आहे.

तरुणाचा हिशेब

हे सगळे आम्ही एका तरुण शेतकऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "फादर, शाळू पेरून पोट भरतं, पोरीची फी भरत नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये. शिवाय ज्वारीच्या काढणीला माणसे मिळत नाहीत आणि पाखरे राखायला पोरे शाळेत असतात. ऊस कारखाना नेतो, म्हणून खात्री वाटते. २०२३ च्या ऑगस्टअखेर सुरू झालेल्या उपोषणाने आपल्या अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले. त्या मागणीविषयी लिहिणे हा आमचा हेतू नाही. पण 'शेतीत भागत नाही' हे तरुणांचे दुःख तिथे सर्वांनी ऐकले. त्या दुःखावर 'ज्वारी पेरा' एवढेच उत्तर देणे म्हणजे उपाशी माणसाला उपदेश करणे होय.

म्हणून आम्ही त्याला एवढेच म्हणालो, सगळे रान बदलू नकोस. विकण्यासाठी काय लावायचे ते तुझा हिशेब ठरवील. पण घरापुरता शाळू, थोडी तूर आणि हरभरा, आणि बैल-गाईला कडबा एवढे रान घरासाठी ठेव. शाळू काळ्या रानातल्या ओलीवर येतो. ऊस मात्र वर्षभर आणि त्याहून जास्त पाणी मागतो. बाजार पडला किंवा पाऊस फसला, तरी त्या तुकड्याने ताट रिकामे राहत नाही. तो म्हणाला, "विचार करतो." आम्हाला तेवढे पुरे आहे.

आता निर्णय

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती, आणि २०२२ मध्ये १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले. एवढ्या मोठ्या जगापुढे आपली दोन एकर जमीन काहीच नाही. पण पाच भाकरींच्या प्रसंगात प्रभूने आधी विचारले ते, तुमच्याजवळ काय आहे? आणि शेवटी उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. आपल्याजवळ दोन एकर आहेत.

आमची सूचना अशी आहे. जमीन उसाला देऊ नये. उन्हाळ्यात श्रमदानाने बांधबंदिस्ती करावी. खरिपात मूग आणि तूर, रब्बीत शाळू आणि हरभरा घ्यावा. आलेले धान्य विधवा भगिनींच्या आणि सालगड्यांच्या घरी जावे. पत्र्यांसाठी वेगळी वर्गणी काढू. पहिली पावती आमच्या नावाची फाडावी. पावसाळ्यात सभागृहात आणखी एक वर्ष बादल्या ठेवाव्या लागतील, हे लपवत नाही. समितीचे मत वेगळे पडले तर तेही ऐकू.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात वर्षाला किती ज्वारी लागते आणि त्यातली किती घरची असते?
२. आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते?
३. आपल्या शेतातले पावसाचे पाणी कुठे जाते?
४. शिधापत्रिकेवर कोणाचे नाव राहिले आहे?

पुढच्या रविवारी मिस्सानंतर बैठक आहे. आजींना पुढच्या बाकावर जागा ठेवली आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू