फुलपाखरांचे संवर्धन : आरंभ अळीपासून

जून २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘ब्लू मॉरमॉन’ या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंक्तीत त्यामुळे एका कीटकाला स्थान मिळाले आणि राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. मखमली काळ्या पंखांवर निळी झळाळी मिरवणारे हे मोठे फुलपाखरू मराठीत ‘नीलवंत’ या नावाने ओळखले जाते. पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुख्य प्रदेश होय.

तथापि केवळ मान दिल्याने कोणत्याही जीवाचे रक्षण होत नाही. नीलवंताची अळी माकडलिंबू, पपनस यांसारख्या लिंबूकुलातील झाडांच्या पानांवर वाढते. ही झाडे टिकली तर नीलवंत टिकेल. ती गेली तर फुलांनी बहरलेली कितीही उद्याने उभारली तरी तो दिसणार नाही. जे नीलवंताचे, तेच इतर फुलपाखरांचे आणि पतंगांचे. त्यांच्या संवर्धनाचा विचार फुलापासून नव्हे, तर पानापासून आणि पानावरील अळीपासून सुरू व्हावयास हवा.

चार अवस्थांचे जीवन

फुलपाखरे आणि पतंग यांचा समावेश खवलेपंखी कीटकांच्या गणात होतो. त्यांच्या पंखांवर अतिसूक्ष्म खवले कौलांसारखे एकावर एक बसविलेले असतात. बोटांना लागणारी रंगीत धूळ म्हणजे हेच खवले. जगात या गणातील दीड लाखाहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. त्यांपैकी फुलपाखरे सुमारे अठरा हजार असून उरलेले सर्व पतंग आहेत. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आढळतात. पतंगांच्या जाती दहा हजारांच्या वर आहेत.

सामान्यतः फुलपाखरू दिवसा उडते, बसताना पंख पाठीवर मिटते आणि त्याच्या शृंगिकांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुधा रात्री उडतो, पंख पसरून बसतो आणि त्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. या नियमाला अपवाद आहेत. परंतु प्रारंभिक ओळखीस एवढे ज्ञान पुरेसे ठरते.

अंडे, अळी, कोष आणि पंखधारी कीटक या चार अवस्थांतून दोहोंचेही जीवन जाते. यांतील खाण्याची आणि वाढण्याची खरी अवस्था अळीची. पंख फुटल्यानंतर शरीराची वाढ होत नाही. मधुरस घेणे, जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच कार्य उरते. टसर रेशमाच्या पतंगासारख्या काही जातींत तर पंखधारी अवस्थेत अन्न घेतलेच जात नाही. अळीने साठविलेल्या शक्तीवरच त्यांचे अखेरचे काही दिवस जातात.

प्रत्येक अळीचे पान ठरलेले

मधुरस अनेक फुलांवर मिळू शकतो. अळीचे अन्न मात्र ठरलेले असते. मादी पानावर उतरून पायांनी त्याची पारख करते आणि योग्य वनस्पती सापडल्यावरच अंडी घालते. परसातील कढीपत्त्यावर किंवा लिंबावर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी अळी असते, ती ‘लाइम’ फुलपाखराची. रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ची अळी वाढते. रुईतील विषारी द्रव्ये ती आपल्या शरीरात साठविते आणि त्यामुळे पक्षी तिच्या वाटेस सहसा जात नाहीत. ‘कॉमन बॅरन’ची अळी आंब्याच्या पानावर मध्यशिरेला लागून अशी पडून राहते की, सहज दिसत नाही. ‘कॉमन एमिग्रंट’ला बहाव्यासारखी झाडे लागतात, तर लहान पिवळ्या ‘ग्रास यलो’ला टाकळा चालतो. ‘हळदीकुंकू’ या नावाने परिचित असलेल्या फुलपाखराची अळी बांडगुळाच्या पानांवर जगते. सह्याद्रीतील ‘सदर्न बर्डविंग’ हे भव्य फुलपाखरू ईश्वरीच्या कुळातील वेलींवाचून वाढू शकत नाही.

ही नावे पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. रुई, टाकळा, बांडगूळ, ईश्वरी यांपैकी बहुतेक वनस्पतींची गणना आपण ‘रान’ किंवा ‘तण’ यांत करतो. ग्रामसफाईत, रस्त्याच्या रुंदीकरणात आणि बांध स्वच्छ करताना त्याच सर्वप्रथम तोडल्या जातात. फुलपाखरे कमी का झाली, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या साध्या वस्तुस्थितीत आहे.

शासकीय सेवेतील अभ्यासक

अळी आणि तिचे खाद्य यांचा पद्धतशीर अभ्यास या भागात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाला, आणि तो करणारे व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, यांचा जन्म साताऱ्याचा. ते मीठ व जकात खात्यात नोकरीस होते. मुलकी सेवेतील जे. डेव्हिडसन आणि वनखात्यातील टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला. १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात तो क्रमशः प्रसिद्ध झाला.

या तिघांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, मेलेली फुलपाखरे टाचण्यांना टोचून ठेवण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी अळ्या शोधल्या, त्या पाळल्या, कोणती अळी कोणते पान खाते याची नोंद ठेवली आणि कोषातून काय बाहेर पडते ते पाहिले. दौऱ्यावरील मुक्काम हीच त्यांची प्रयोगशाळा होती. बेल यांनी पुढे पतंगांकडेही लक्ष वळविले. हॉक पतंगांवरील त्यांचा ग्रंथ मेजर स्कॉट यांच्या सहकार्याने १९३७ साली प्रसिद्ध झाला. १९५७ साली सोसायटीने प्रकाशित केलेला भारतीय प्रदेशातील फुलपाखरांवरील विख्यात ग्रंथ एम. ए. विंटर-ब्लाइथ यांचा. ते राजकोट येथील राजकुमार कॉलेज या शाळेचे प्राचार्य होते.

महसूल, वन, जकात आणि शिक्षण या क्षेत्रांतील माणसांनी आपले काम सांभाळून हे ज्ञान उभे केले. या परंपरेचे आजचे वारस म्हणून गावोगावचे शिक्षक, वनरक्षक आणि ग्रामसेवक यांच्याकडे पाहता येईल.

पतंग : उपजीविका आणि उपद्रव

फुलपाखरांच्या तुलनेत पतंग उपेक्षित राहिले आहेत. वस्तुतः ग्रामीण अर्थव्यवस्थेशी त्यांचा संबंध अधिक निकटचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत टसर रेशमाचे उत्पादन परंपरेने होते. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवितात आणि पक्षी व मुंग्या यांपासून त्यांची राखण करतात. ऐन आणि अर्जुन ही झाडे उभी आहेत तोवरच हा व्यवसाय उभा आहे.

दुसऱ्या बाजूस कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ही पतंगांचीच अपत्ये होत. लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांचे अपरिमित नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले.

किडीचे जीवनचक्र समजून घेण्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पतंगावर आधीपासून नजर ठेवावी लागते. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि एका सापळ्यात सलग ३ दिवस ८ पतंग आढळल्यास उपाय योजावेत, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. फरदड घेऊ नये, या सल्ल्यामागेही जीवनचक्राचेच गणित आहे. शेतात हिरवे बोंड राहिले नाही, की अळीची पुढची पिढी उपाशी राहते. अन्न काढून घेतले की जात खुंटते, हा नियम शेतकऱ्याच्या शत्रूला जसा लागू पडतो, तसाच निरुपद्रवी फुलपाखरालाही पडतो.

पतंगांच्या हजारो जातींपैकी पिकांना अपाय करणाऱ्या जाती थोड्याच आहेत. उरलेल्या जाती रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीभवन करतात, पक्ष्यांच्या पिलांना अळ्यांच्या रूपाने अन्न पुरवितात आणि वटवाघळांचे पोषण करतात. सरसकट फवारणीत शत्रूबरोबर हे मित्रही मरतात आणि बोंडअळ्यांच्या अंड्यांवर उपजीविका करणारी ट्रायकोग्रामा ही उपयुक्त गांधीलमाशीही नष्ट होते.

कायदा आणि ग्रामपंचायत

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरांचा समावेश आहे. २०२२ च्या सुधारणेने या अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. अनुसूचित जाती पकडणे, मारणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. परंतु हा कायदा गावच्या बांधावरील रुईला किंवा गायरानातील टाकळ्याला संरक्षण देत नाही. ते काम गावानेच करावयाचे आहे.

त्यासाठी जैविक विविधता अधिनियम, २००२ याने साधन दिले आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी त्यात तरतूद आहे. या नोंदवहीतील फुलपाखरांचे पान केवळ नावांची यादी असू नये. जात, दिसल्याची तारीख व ठिकाण, अळी कोणत्या वनस्पतीवर आढळली आणि ती वनस्पती गावात कोठे शिल्लक आहे, अशा नोंदी असतील तरच ती नोंदवही निर्णयांस उपयोगी पडेल.

ग्रामपंचायतीस अल्प खर्चात करता येण्याजोगी कामेही आहेत. रस्त्याकडेची गवतकापणी एकाच वेळी दोन्ही बाजूंस न करता आलटून पालटून करावी. त्यामुळे अळ्या व कोष यांना आसरा उरतो. गायरान आणि बांध जाळण्याची प्रथा थांबवावी. देवराई व ओढ्याकाठची झुडपे राखावीत. वृक्षारोपणात बहावा, ऐन, अर्जुन, करंज, कढीपत्ता अशा स्थानिक झाडांना प्राधान्य द्यावे. पथदिव्यांच्या प्रकाशाकडे पतंग ओढले जातात आणि त्याभोवती घिरट्या घालीत थकून मरतात; म्हणून दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवावा आणि अनावश्यक दिवे रात्री उशिरा बंद ठेवावेत.

शाळेतील अभ्यास

शाळांना हा विषय फार सोयीचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत अळ्या विपुल असतात. कढीपत्त्यावरील अळी पानासह अलगद आणून, तोंडाला पातळ कापड बांधलेल्या रुंद बरणीत ठेवावी. तिला रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावीत, विष्ठा काढून टाकावी आणि लांबी, रंग व कात टाकल्याचा दिवस लिहून ठेवावा. कोषासाठी एक काटकी तिरपी ठेवावी. बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख वाळल्यावर ते त्याच परिसरात सोडून द्यावे. केसाळ सुरवंटांना मुलांनी हात लावू नये. काहींच्या केसांनी खाज व दाह होतो. रात्रीच्या निरीक्षणासाठी पांढरी चादर आणि एक दिवा पुरेसा आहे. जाळी, टाचण्या आणि संग्रहपेट्या यांची गरज नाही. छायाचित्र आणि वही यांवर काम भागते.

अशा एका वर्गाने सलग पाच वर्षे नोंदी ठेवल्या, तर कोणते फुलपाखरू कोणत्या महिन्यात दिसते, कोणते दिसेनासे झाले आणि कोणत्या झाडाच्या तोडीनंतर ते गेले, हे त्या गावाला पुराव्यानिशी सांगता येईल. आजवर अनेक गावांत फुलपाखरे नाहीशी होतात ती कोणाच्या ध्यानीही न येता. राज्य फुलपाखराचा मान सार्थ करावयाचा असेल, तर प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील माकडलिंबू, रुई आणि ईश्वरी कोठे आहेत, एवढी माहिती तरी या हंगामात नोंदवून ठेवावी. पुढील सर्व कार्याचा पाया तोच आहे.