आजारापलीकडची आई

२८ फेब्रुवारी १९३६ रोजी पहाटे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमला नेहरू यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ३६ होते आणि कन्या इंदिरा अठरा वर्षांची होती. आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षे कमलांनी क्षयरोगाशी झुंज दिली. त्यामुळे ‘पंडित नेहरूंची आजारी पत्नी’ एवढीच त्यांची ओळख पुष्कळांच्या मनात राहिली. लेकीच्या आठवणीतील आई मात्र निराळी होती.

दिल्लीतील काश्मिरी पंडित घराण्यात वाढलेल्या कमला १९१६ साली विवाह होऊन अलाहाबादच्या (आजचे प्रयागराज) आनंदभवनात आल्या. त्या घराची राहणी पाश्चात्त्य वळणाची. या सुनेचे वळण जुने, देशी. घरातल्या काही जणांकडून त्यांची उपेक्षा झाली. आपली आई दुखावली जाते, हे लहानग्या इंदिरेला उमगत होते. तो सल तिच्या मनातून कधीच गेला नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि घरातील पुरुष तुरुंगात गेले. तेव्हा डॉक्टरांनी जपायला सांगितलेल्या कमला अलाहाबादच्या भर उन्हाळ्यात रस्त्यावर उतरल्या. परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांवर निरोधने, सभा, मिरवणुका, स्त्रियांची संघटना, या साऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. लाठीमारात जखमी झालेल्यांसाठी स्वराज भवनात दवाखाना चालू झाला, त्यातही त्यांनी स्वतःला झोकून दिले. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांना अटक झाली. पतीच्या पावलावर पाऊल टाकताना आपल्याला अभिमान वाटतो, असा संदेश त्यांनी वार्ताहराला दिला. त्यावर नेहरूंनी आत्मचरित्रात मिस्कील शेरा मारला आहे : विचार करायला सवड मिळाली असती, तर स्त्रीहक्कांची कैवारी असलेली कमला असे बोलली नसती! हा शेरा गमतीचा असला, तरी त्यात कमलांचा स्वभाव अचूक पकडला आहे.

१९३४ साली दुखणे बळावले. नेहरू तुरुंगात होते. उरलेल्या शिक्षेच्या काळात राजकारणापासून दूर राहण्याचे आश्वासन दिल्यास सुटका होईल, असे त्यांना सुचवण्यात आले. ऑक्टोबरात त्यांना थोड्या वेळासाठी पत्नीच्या भेटीस आणले, तेव्हा कमला तापाने ग्लानीत होत्या. जवळ बसलेल्या पतीला त्यांनी खुणेने खाली वाकायला सांगितले आणि कानात कुजबुजल्या, की असे आश्वासन मुळीच देऊ नये. पती जवळ असावा, ही कोणत्याही रुग्णाची साधी इच्छा. कमलांनी तीही बाजूला ठेवली.

पुण्यातील शालेय शिक्षण संपवून इंदिरा तेव्हा शांतिनिकेतनात शिकत होती. १९३५ साली ते शिक्षण अर्धवट सोडून ती आईबरोबर युरोपला गेली. सप्टेंबरमध्ये सुटका झाल्यावर नेहरूही जर्मनीतील बाडेनवायलर येथे पोहोचले. पण फार उशीर झाला होता.

पुढे १९४४ साली अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, की कमलांना पतीची सावली होऊन राहायचे नव्हते. स्वातंत्र्यलढ्यात स्वतःचा वाटा उचलायचा होता, आणि ही ओढ आपल्या वेळीच ध्यानात आली नाही.

त्यापूर्वीच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, त्यांच्या पाचव्या स्मृतिदिनी, गांधीजींच्या हस्ते अलाहाबादेत कमला नेहरू स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले होते. स्वराज भवनातील दवाखान्याचे काम तेथे पुढे चालू राहिले.