धार आणि फवारा: स्वयंपाकघरातल्या नळाचे तोंड कसे घडवावे

सिंकवरच्या नळाला दोन वेगळी कामे करावी लागतात. कुकर किंवा पातेले भरायला भरीव धार हवी असते. कोथिंबिरीच्या काड्यांमधली माती काढायला किंवा कढईला धरलेला मसाला उतरवायला पसरट, जोरकस फवारा हवा असतो. ही दोन्ही कामे एकाच तोंडातून व्हावीत आणि अंगठ्याने बदलता यावीत, अशी रचना आपल्याला करायची असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक आराखडे बटणापासून आणि बाहेरच्या आकारापासून सुरू होतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे: आधी दाब, मग छिद्रे, मग आतली झडप, आणि आकार सर्वांत शेवटी. परदेशी रचनांमध्ये साधारण ३ बार दाब गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरणाऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. पुढचे सगळे मार्गदर्शन अशा घरासाठी आहे.

१. दाब मोजावा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळाच्या टोकापर्यंतचे उभे अंतर मोजावे. दर १० मीटरला सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे ३ मीटर उंचीला ०.३ बार. टाकी भरलेली असताना नव्हे, तळाला पाणी उरलेले असताना जी उंची भरेल ती धरावी. मग सध्याच्या नळाची जाळी काढून, १ लिटरचे माप किती सेकंदांत भरते ते पाहावे. ६० ला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाला किती लिटर पाणी येते ते कळते. हीच मोजणी न्हाणीघरातला नळ चालू ठेवून पुन्हा करावी. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर अडचण इमारतीच्या पाइपात आहे, आणि ती नळाचे तोंड बदलून सुटणार नाही.

२. प्रकार दोनच ठेवावेत: धार आणि फवारा. बाजारात चार-पाच प्रकारांची तोंडे मिळतात, पण प्रत्येक जादा प्रकारासाठी आत आणखी एक वाट, आणखी एक रबर आणि गळण्याची आणखी एक जागा तयार होते. पाणी तोंडाशीच थांबवणारे ‘पॉज’चे बटण मोहात पाडते, पण मिक्सर नळावर ते टाळावे. नळ उघडाच ठेवून तोंड बंद केले की गरम आणि थंड अशा दोन्ही बाजू मिक्सरमध्ये एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि जास्त दाबाच्या बाजूचे पाणी कमी दाबाच्या बाजूला शिरते. शिवाय तोंडापर्यंत येणाऱ्या लवचीक नळीवर, म्हणजे होजवर, सतत दाब राहतो.

३. पाण्याचा हिशेब मांडावा. हा भाग घाईने उरकू नये, कारण पुढची सर्व मापे इथून निघतात. उदाहरणार्थ, उंची ३ मीटर आणि फवाऱ्याचे उद्दिष्ट मिनिटाला ४ लिटर धरू. भांडी विसळायला एवढे पुरते.

ही ३ मीटर उंची वाटेत खर्च होत जाते. तोंड ओढून घेता येणारे असेल तर नळाच्या मानेतून लवचीक होज येतो. १.५ मीटर लांबीच्या होजचे आतले भोक ८ मिमी असेल तर ४ लिटरच्या प्रवाहाला सुमारे अर्धा मीटर उंची खर्च होते. तेच भोक ६ मिमी असेल तर जवळपास २ मीटर जातात. बाहेरून दोन्ही होज सारखेच दिसतात, म्हणून विकत घेताना आतले माप विचारावे, शक्य असल्यास ड्रिलचा दांडा घालून तपासावे. इमारतीचा पाइप, नळाची झडप आणि वळणे यांना मिळून आणखी एक मीटर धरला, तर ८ मिमीच्या होजनंतर तोंडाशी १.५ मीटर उरतात.

या १.५ मीटरवर छिद्रातून पाणी साधारण सेकंदाला ५.४ मीटर वेगाने निघते. १ मिमीच्या छिद्राचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिमी भरते. पण बाहेर पडताना धार आकसते, म्हणून गुणाकारात ०.६२ हा गुणक घ्यावा लागतो. उत्तर येते: एका छिद्रातून मिनिटाला सुमारे १६० मिली. म्हणजे ४ लिटरसाठी २५ छिद्रे. आपल्या घरातली उंची वेगळी असेल तर हेच गणित नव्या आकड्यांनी करावे. दाब चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो, एवढे लक्षात ठेवले की चटकन अंदाज बांधता येतो.

याच नियमामुळे दुसरी बाजूही पाहावी लागते. हेच तोंड सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर बसवले तर तिथे २० मीटर उंचीचा दाब असतो, आणि मिनिटाला ४ ऐवजी १० लिटर पाणी उसळेल. त्यासाठी तोंडाच्या प्रवेशाशी फ्लो रेग्युलेटरची जागा ठेवावी. ही एक छोटी चकती असते; दाब वाढला की तिच्यातले रबर फुगून वाट अरुंद करते, त्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. खालच्या मजल्यांसाठी चकती बसवावी, वरच्यांसाठी काढून ठेवावी. दोघांना एकच तोंड चालते.

४. छिद्रांची मांडणी करावी. मधोमध धारेचा एरेटर (हवा मिसळणारी जाळी) आणि भोवती फवाऱ्याच्या छिद्रांची दोन वर्तुळे ही मांडणी सोपी पडते. आतले वर्तुळ ३० मिमी व्यासाचे, ११ छिद्रांचे. बाहेरचे ३८ मिमीचे, १४ छिद्रांचे. दोन्हींत छिद्रांमधले अंतर सुमारे साडेआठ मिमी येते. आतली छिद्रे सरळ खाली ठेवावीत आणि बाहेरची २ अंशांनी बाहेर झुकवावीत. मग २५ सेंमी खाली फवाऱ्याचा व्यास साधारण साडेपाच सेंमी होतो. कोन याहून फार वाढवला तर पाणी सिंकच्या कडेबाहेर उडते आणि ओटा पुसणे मागे लागते.

छिद्रे कडक प्लास्टिकमध्ये न पाडता मऊ सिलिकॉनच्या बोंडांत घ्यावीत आणि बोंडे चेहऱ्याच्या बाहेर दीड-दोन मिमी डोकावू द्यावीत. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे फार उपयोगी पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. असे पाणी छिद्राच्या काठावर थेंबाथेंबाने सुकते आणि पांढरा क्षार धरते. आधी एखादी धार तिरकी उडू लागते, मग ते छिद्र बंदच होते. सिलिकॉनचे बोंड अंगठ्याने चोळले की क्षाराचा पापुद्रा तुटून पडतो. कडक छिद्राला सुई लागते, आणि सुईने छिद्र हळूहळू मोठे होते.

५. धारेसाठी एरेटर निवडावा, स्वतः घडवू नये. नळाच्या टोकाची ही जाळी बाजूच्या फटींतून हवा ओढून पाण्यात मिसळते, त्यामुळे धार मऊ आणि कमी उडणारी होते. तयार कार्ट्रिज स्वस्त असतात, आणि साध्या पान्याने किंवा नाण्याने उघडता येतील असे मिळतात. कमी दाबासाठीचेच मागावे. बारीक जाळ्यांचे थर असलेले कार्ट्रिज ०.३ बारवर फार कमी पाणी सोडते.

६. झडपेची रचना ठरवावी. तोंडाचे आयुष्य तिच्यावर ठरते. सर्वांत आधी सुचते ती सरकती दांडी: तिच्यावर ओ-रिंग बसवायची आणि ती पुढे-मागे सरकवून पाण्याची वाट बदलायची. कागदावर हे साधे दिसते. पण सरकताना ओ-रिंग बाजूच्या भोकावरून जाते, दाबामुळे किंचित त्या भोकात फुगते आणि पुढे सरकताना भोकाची कड तिला कातरते. असे जुने तोंड उघडून पाहिले तर रिंगवर चंद्रकोरीसारखी कापलेली खाच दिसते. गळती तिथूनच सुरू होते.

म्हणून बैठकीची झडप घ्यावी. दोन वाटांच्या तोंडांशी दोन सपाट बैठका, मध्ये एक डुलणारा दांडा, त्याच्या दोन टोकांना रबरी चकत्या. एक चकती बसली की दुसरी उठते. रबर घासत नाही, फक्त दाबले जाते. पाण्याची वाट छिद्रांच्या एकूण क्षेत्रफळाच्या किमान दुप्पट हवी. आपली २५ छिद्रे मिळून सुमारे २० चौरस मिमी होतात, म्हणजे वाट ४० चौरस मिमीची. बैठकीचा व्यास ९ मिमी घेतला तर ६४ चौरस मिमी मिळतात, थोडी सवड राहते. चकतीने किमान पाव व्यासाइतके, म्हणजे सव्वादोन मिमी, उठले पाहिजे. त्याहून कमी उठली तर बैठक कितीही मोठी असली तरी पाणी कोंडते.

अनेक तयार तोंडांत झडप पाण्याच्या दाबावरच फवाऱ्याच्या जागी टिकते आणि नळ बंद होताच स्प्रिंग तिला धारेकडे परत आणते. टाकीच्या पाण्यावर ही युक्ती चालत नाही. दाब अपुरा पडतो आणि अंगठा बटणावर धरूनच ठेवावा लागतो. त्याऐवजी दांड्याच्या बाजूला दोन खाचा आणि स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्टीलचा गोळा ठेवावा. गोळा खाचेत ‘टक’ करून बसतो आणि दाब असो-नसो, झडप जागेवर राहते.

७. बटणाचा जोर तपासावा. ९ मिमीच्या बैठकीवर ६ बार दाब आला तर चकतीवर जवळपास ४ किलोचा भार येतो. दांड्याच्या लांब टोकाला बटण ठेवून तीनास एक असे प्रमाण साधले, तर अंगठ्याला सव्वा-दीड किलो लावावा लागतो. सांधे दुखणाऱ्या आजींनाही साबणाच्या ओल्या हातांनी तो लावता आला पाहिजे. बटण पाठीमागे, अंगठा सहज टेकतो तिथे असावे. दोन बाजू रंगाने न दाखवता पृष्ठभागानेच ओळखू द्याव्यात: धारेच्या बाजूला एक उंचवटा, फवाऱ्याच्या बाजूला बारीक ठिपके. छापलेली चित्रे भांड्यांच्या पावडरीने काही महिन्यांत निघून जातात.

८. उलटा प्रवाह रोखावा. ओढलेले तोंड खरकट्या पाण्याच्या बादलीत पडलेले असताना इमारतीची लाइन रिकामी झाली, तर ते घाण पाणी पाइपात ओढले जाऊ शकते. प्रवेशाशी छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो थोडी उंची खातो. ती पायरी ३ च्या हिशेबात धरलेल्या एक मीटरमध्येच बसवावी, पण व्हॉल्व्ह गाळू नये.

९. साहित्य. आतल्या हलत्या भागांना अॅसिटल प्लास्टिक, बाहेरच्या कवचाला एबीएस, चकत्या आणि ओ-रिंगला ईपीडीएम रबर. हे रबर गरम पाणी आणि क्लोरीन चांगले सोसते, पण खनिज तेलाच्या ग्रीसने फुगते. जुळणीच्या वेळी फक्त सिलिकॉन ग्रीस वापरावे. कारागिराच्या हाताशी नेहमीच्या ग्रीसचा डबा असतो, म्हणून ही सूचना आराखड्यावर ठळक लिहून ठेवावी. होजच्या जोडाला अर्धा इंची आटे ठेवल्यास बदली होज सहज मिळतो.

१०. नमुना छापावा. तार वितळवून थर रचणाऱ्या छपाईत थरांमधून पाणी झिरपते आणि बैठका खरबरीत येतात, म्हणून आतल्या भागांसाठी रेझिनची छपाई घ्यावी. छिद्रे थोडी लहान छापून नंतर ड्रिलने मापाला आणावीत. या नमुन्यातून आलेले पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये.

११. चाचण्या या क्रमाने घ्याव्यात. पहिली कमी दाबाची: बादली ३ मीटर उंच ठेवून नळी खाली आणावी आणि दोन्ही प्रकारांचा प्रवाह मापावा. दुसरी गळतीची: प्लंबर पाइप तपासायला वापरतात त्या हातपंपाने, बाहेरची तोंडे बंद करून, पाण्याचा दाब १० बारपर्यंत न्यावा. हवा भरून ही चाचणी कधीही करू नये. प्लास्टिक फुटले तर कोंडलेली हवा तुकडे भिरकावते. तिसरी शिंतोड्यांची: फवाऱ्याखाली पळी उलटी धरून शिंतोडे कुठवर जातात ते ओट्यावर वर्तमानपत्र पसरून पाहावे. चौथी आयुष्याची. दिवसाला २० वेळा बटण दाबले तर दहा वर्षांत ७३,००० वेळा होते. एवढे हाताने होणार नाही. छोटी मोटर आणि चक्राकार हलणारा दांडा जोडून, पाणी चालू ठेवून यंत्राकडून करवून घ्यावे. कोरडी चाचणी घेतल्यास रबराची झीज खोटी दिसते.

१२. मग काही तोंडे प्रत्यक्ष स्वयंपाकघरांत द्यावीत: एक वरच्या मजल्यावर, एक तळमजल्यावर, एक बोअरच्या पाण्यावर. तीन-चार महिन्यांनी परत मागवून उघडावीत. चकतीवर बैठकीचा ठसा सगळीकडे सारखा उमटला आहे का, क्षार कोणत्या वर्तुळात जास्त आहे, जाळीत वाळू अडकली आहे का, हे टिपून घ्यावे. ठसा एका बाजूलाच खोल असेल तर दांडा ज्यावर डुलतो ती खीळ सरकली आहे असे समजून आधी ती दुरुस्त करावी. त्यानंतरच साच्याची ऑर्डर द्यावी, आणि देताना छिद्रांच्या पिना बदलता येतील अशाच मागाव्यात, म्हणजे वेगळ्या दाबाच्या इमारतींसाठी ०.९ मिमी किंवा १.१ मिमी छिद्रांची तोंडे त्याच साच्यातून काढता येतील.