स्कोलिओसिस आणि खेळ

"डॉक्टर, कणा वाकडा आहे, आता हिचा गरबा बंद ना?" असे सुरतेतील पालक नवरात्रीपूर्वी मला विचारतात. बहुधा माझे उत्तर नकारार्थी असते. १० अंश वा अधिक कॉब कोनाची ही वक्रता २ ते ३ टक्के किशोरवयीनांत आढळते. हा विकार असूनही उसेन बोल्ट यांनी २००९ मध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. खेळाने कणा सरळ होत नाही. परंतु स्नायुबल, दमसास व आत्मविश्वास टिकतो. वाढीच्या वयात वक्रता २५ अंशांपलीकडे गेल्यास ब्रेस लागतो. तो खेळापुरता काढता येतो. तीव्र वक्रतेत वा शस्त्रक्रियेनंतर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुलांना ओणवे करून पाठ पाहावी. एक बाजू उंच दिसल्यास तपासणीस विलंब नको.